दूरचित्रवाणीवर उतरलेला चंद्र : अपोलो ११ बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रावर पहिले पाऊल पडले ती तारीख काही पुस्तकांत २० जुलै, तर काही ठिकाणी २१ जुलै १९६९ अशी का आढळते?

दोन्ही तारखा बरोबर आहेत. फरक फक्त घड्याळाचा आहे. माणसाला प्रथमच चंद्रावर उतरवणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो ११ मोहिमेतील नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचे ‘ईगल’ हे यान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार रविवारी, २० जुलैला, दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी चंद्रावर टेकले. भारतात तेव्हा सोमवार, २१ जुलै उजाडायचा होता आणि रात्रीचे १ वाजून ४७ मिनिटे झाली होती. आर्मस्ट्राँग यांचा पाय जमिनीला लागला तो तेथील रात्री १०.५६ वाजता, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ८.२६ वाजता. मूळ वेळापत्रकानुसार उतरल्यावर दोघांनी काही तास विश्रांती घ्यायची होती. चंद्रावर उतरलेल्या माणसांनी आधी डोळे मिटून पडावे ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. त्यांनी लवकर बाहेर पडण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि त्यामुळे तो क्षण अमेरिकेतील घराघरांत रविवारच्या रात्री, बहुतेक माणसे जागी असताना आला.

महाराष्ट्रातील लोकांनी हा प्रसंग थेट पाहिला होता का?

नाही. भारतात दूरचित्रवाणी होती ती दिल्लीपुरती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परदेशातून उपग्रहामार्फत चित्र घेऊ शकणारे पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील भू-केंद्रही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस कार्यान्वित झाले. त्यामुळे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने चंद्रावरचे पाऊल रेडिओवर ऐकले आणि वर्तमानपत्रांत वाचले. त्यातही त्या आठवड्यात बातमीची जागा वाटून घ्यावी लागली, कारण १९ जुलैलाच इंदिरा गांधी यांच्या सरकारने १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले होते. ‘आम्ही तेव्हा टीव्हीवर पाहिले’ असे घरातील कोणी ज्येष्ठ सांगत असतील, तर बहुधा पुढे कधीतरी पाहिलेले चित्रण आणि त्या सकाळी ऐकलेला आवाज यांची त्यांच्या आठवणीत सरमिसळ झाली आहे. त्यात खोटेपणा नाही. या घटनेच्या बाबतीत अमेरिकेतही असेच घडले आहे.

थेट प्रक्षेपणातील चित्र इतके अंधूक आणि भुतासारखे का दिसते?

याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण या चित्राच्या अंधूकपणावरच पुढे निम्म्या शंकांचे इमले उभे राहिले.

चंद्रावर नेलेला वेस्टिंगहाउस कंपनीचा कॅमेरा सुमारे सव्वातीन किलो वजनाचा आणि जेमतेम सात वॅट विजेवर चालणारा होता. यानातून पृथ्वीकडे जाणाऱ्या एकाच रेडिओ संकेतातून अंतराळवीरांचा आवाज, त्यांच्या हृदयाचे ठोके, यंत्रांची मोजमापे आणि चित्र असे सगळेच पाठवायचे होते. चित्राच्या वाट्याला आलेली जागा एवढी अरुंद होती की नेहमीचे दूरचित्रवाणी चित्र तिच्यात मावणे शक्य नव्हते. अमेरिकेतील घरगुती संचावर सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) आणि प्रत्येक चौकटीत ५२५ रेषा असत. चंद्रावरच्या कॅमेऱ्याने सेकंदाला फक्त १० चौकटी आणि ३२० रेषा पाठवल्या.

आता हे चित्र घरच्या संचावर दाखवायचे कसे? अभियंत्यांनी काढलेला तोडगा साधा आणि काहीसा ओबडधोबड होता. भू-केंद्रात आलेले मूळ चित्र एका खास पडद्यावर उमटवायचे, त्या पडद्यासमोर नेहमीचा दूरचित्रवाणी कॅमेरा ठेवून त्याचे चित्रण करायचे आणि कमी पडणाऱ्या चौकटी तीच चौकट पुन्हापुन्हा दाखवून भरून काढायच्या. म्हणजे जगाने चंद्राचे चित्र पाहिले नाही, तर चंद्राचे चित्र दाखवणाऱ्या पडद्याचे चित्र पाहिले. तेही तेथून ह्यूस्टनमधील नियंत्रण केंद्राला, ह्यूस्टनहून वाहिन्यांकडे आणि वाहिन्यांकडून घरोघरी जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे झिजत गेले. चालणाऱ्या माणसामागे त्याचीच फिकट सावली रेंगाळताना दिसते ती या खटाटोपामुळे. भू-केंद्रांत बसलेल्या मोजक्या तंत्रज्ञांना मात्र मूळ पडद्यावर बरेच स्पष्ट चित्र दिसत होते.

पहिले चित्र उलटे आले होते, हे खरे आहे का?

होय. कॅमेरा यानाच्या खालच्या भागातील एका घडीच्या कप्प्यात उलटा बसवलेला होता. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर असताना आर्मस्ट्राँग यांनी एक कडी ओढली, कप्पा खाली उघडला आणि कॅमेरा शिडीकडे रोखला गेला. चित्र सुलटे करण्यासाठी भू-केंद्रात एक बटण होते आणि ते वेळेवर दाबणे हे तेथील तंत्रज्ञाचे काम होते. पहिले काही क्षण चंद्राची जमीन वर आणि काळे आकाश खाली असे चित्र जगाला दिसले.

हे चित्र नेमके कोणत्या केंद्रातून प्रसारित झाले?

तीन केंद्रांतून. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळील हनीसकल क्रीक आणि न्यू साउथ वेल्समधील पार्क्स. सुरुवात गोल्डस्टोनच्या चित्राने झाली. पण त्यात काळे अतिकाळे आणि पांढरे अतिपांढरे झाले होते, म्हणून ह्यूस्टनने हनीसकल क्रीककडे मोर्चा वळवला. आर्मस्ट्राँग यांचे पहिले पाऊल जगाने पाहिले ते या २६ मीटरच्या तुलनेने लहान तबकडीमुळे. सुमारे नऊ मिनिटांनी पार्क्सच्या ६४ मीटरच्या दुर्बिणीतून अधिक चांगले चित्र मिळू लागले आणि शेवटपर्यंत तेच ठेवण्यात आले. त्याआधी काही वेळ पार्क्स येथे ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाचे वाऱ्याचे झोत त्या प्रचंड तबकडीवर आदळत होते आणि सुरक्षेच्या नियमानुसार ती बंद ठेवायला हवी होती. तेथील लोकांनी ती चालूच ठेवली. प्रसिद्धी पुढे पार्क्सला अधिक मिळाली. पहिल्या पावलाचे श्रेय मात्र हनीसकल क्रीकचेच आहे.

नासाने मूळ चित्रफिती हरवल्या, यात काही लपवाछपवी आहे का?

हलगर्जीपणा आहे, लपवाछपवी नाही. प्रसारित झालेल्या चित्राच्या प्रती उपलब्ध आहेत आणि नेहमीच होत्या. गेल्या त्या भू-केंद्रांत थेट नोंदलेल्या, न झिजलेल्या संकेताच्या फिती. त्या काळी अशा फिती महाग असत आणि त्यांचा तुटवडा असे. त्यामुळे जुने पुसून नवे नोंदवण्याची रूढ पद्धत होती. नासाने काही वर्षे शोध घेतल्यानंतर २००९ मध्ये सांगितले की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मग वाहिन्यांकडे असलेल्या चांगल्या प्रती गोळा करून त्याच वर्षी, चाळिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, सुधारित चित्रण प्रसिद्ध करण्यात आले. ज्या घराने नात्यातल्या लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटचा सामना नोंदवून घेतला असेल, त्या घराला हा प्रकार समजायला जड जाऊ नये.

आर्मस्ट्राँग यांच्या पहिल्या वाक्यात चूक होती असे म्हणतात, ती कोणती?

त्यांना म्हणायचे होते की हे एका माणसाचे लहानसे पाऊल आहे, पण मानवजातीची मोठी झेप आहे. ध्वनिमुद्रणात मात्र ‘एका’ हा अर्थ देणारे इंग्रजी उपपद ऐकू येत नाही. ते गाळले तर इंग्रजीत ‘माणूस’ हा शब्दही मानवजात याच अर्थाचा होतो आणि वाक्याचे दोन्ही भाग एकच गोष्ट सांगू लागतात. आपण ते उपपद उच्चारले असावे, निदान उच्चारायचे होते, असे आर्मस्ट्राँग सांगत राहिले आणि छापताना ते कंसात द्यावे असे त्यांनी सुचवले. मराठी वाचकाला हा वाद सहसा जाणवत नाही, याचे कारण गमतीचे आहे. आपल्या भाषेत तसले उपपदच नाही. त्यामुळे भाषांतरकार ‘एका माणसाचे’ असे सहजपणे लिहून जातो आणि अर्ध्या शतकाचा वाद नकळत मिटवून टाकतो.

बहुतेक छायाचित्रांत ऑल्ड्रिनच का दिसतात?

कारण चंद्रावरच्या बहुतांश वेळात हॅसलब्लाड कॅमेरा आर्मस्ट्राँग यांच्याकडे होता. चंद्रावरचा माणूस म्हणून जगभर छापले गेलेले, सोनेरी काचेचे शिरस्त्राण घातलेले ते छायाचित्र ऑल्ड्रिन यांचे आहे. चित्र मोठे करून काच पाहिली तर तिच्यात यान, झेंडा आणि फोटो काढणारी एक लहानशी पांढरी आकृती दिसते. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा माणूस त्या मोहिमेच्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रात एवढाच आहे.

यान उतरताना खरोखर धोका निर्माण झाला होता का?

झाला होता. उतरणीदरम्यान यानाच्या संगणकाने ‘१२०२’ आणि नंतर ‘१२०१’ असे इशारे दिले. त्यांचा अर्थ असा की हाताशी असलेल्या वेळात उरकता येणार नाही एवढे काम संगणकावर येऊन पडले होते. त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारकडून येणारे संकेत त्याचा वेळ खात होते. मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत लिहिलेली प्रणाली अशा वेळी कमी महत्त्वाची कामे बाजूला टाकून यान उतरवण्याचे काम चालू ठेवत असे. ह्यूस्टनमधील तरुण नियंत्रकांनी काही सेकंदांत ‘पुढे चला’ असा निर्णय दिला. या संगणकाची कायमस्वरूपी स्मृती म्हणजे चुंबकीय कड्यांतून ओवलेल्या तारा होत्या आणि त्या मॅसॅच्युसेट्समधील कारखान्यात स्त्री-कामगारांनी हातांनी ओवल्या होत्या.

इशारे थांबले तोवर समोर मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेले विवर आले. आर्मस्ट्राँग यांनी यान स्वतःच्या हाती घेऊन ते ओलांडले. तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५० पर्यंत गेले होते आणि उतरताना इंधन मिनिटभरापेक्षा कमी काळ पुरेल एवढेच उरले होते. नंतर यानात परतल्यावर वर नेणाऱ्या इंजिनाच्या विद्युत मंडलातील एका खटक्याचे टोक तुटून खाली पडलेले दिसले. ऑल्ड्रिन यांनी तो खटका खिशातल्या स्केचपेनने आत ढकलला.

अंतराळवीर परत आले नसते तर काय होणार होते?

अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासाठी त्यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी १८ जुलैलाच एक शोकभाषण लिहून ठेवले होते. त्यासोबत सूचनाही होत्या : भाषणापूर्वी अध्यक्षांनी दोघांच्या पत्नींना दूरध्वनी करावा, आणि चंद्राशी संपर्क तोडल्यावर धर्मगुरूने समुद्रात दफन करताना म्हणतात तशी प्रार्थना म्हणावी. भाषण दोघांसाठीच होते. तिसरे अंतराळवीर मायकेल कॉलिन्स ‘कोलंबिया’ यानातून चंद्राभोवती फिरत होते आणि तशी वेळ आलीच असती, तर त्यांना एकट्यानेच परतावे लागले असते.

या मोहिमेला सगळ्या अमेरिकेचा पाठिंबा होता का?

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमांतून तसा समज होतो, पण तो चुकीचा आहे. जॉन केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी, युरी गागारिन यांच्या उड्डाणानंतर सहा आठवड्यांनी, दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या आठ वर्षांतील बहुतेक जनमत चाचण्यांत हा खर्च अनाठायी आहे असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. अपोलो कार्यक्रमाचा एकूण खर्च सुमारे २,५०० कोटी डॉलरपर्यंत गेला आणि १९६६ च्या सुमारास केंद्रीय अंदाजपत्रकातील चार टक्क्यांहून अधिक रक्कम एकट्या नासाकडे जात होती. त्याच काळात व्हिएतनामचे युद्ध चालू होते, शहरे दंगलींत होरपळत होती आणि एप्रिल १९६८ मध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती.

किंग यांचे उत्तराधिकारी रेव्हरंड राल्फ अबरनॅथी उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलैला, गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपण केंद्राजवळ आले. मागे ११० मीटर उंचीचे सॅटर्न ५ रॉकेट आणि पुढे खेचरांच्या गाड्या. त्या दशकातील अमेरिका एका चौकटीत बसवायची असेल तर माझ्या मते हीच चौकट निवडावी. नासाचे प्रमुख थॉमस पेन मोकळ्या मैदानात त्यांना सामोरे गेले. उद्या प्रक्षेपणाचे बटण न दाबल्याने अमेरिकेतील गरिबी मिटणार असेल तर आपण ते दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अबरनॅथी यांनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली आणि त्यांच्यासोबतच्या काही कुटुंबांना दुसऱ्या दिवशी उड्डाण जवळून पाहण्याची सोय करून देण्यात आली. दोघेही सभ्यतेने वागले. प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

यान उतरले त्याच रविवारी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील उद्यानात कृष्णवर्णीय संगीताचा मोठा मोफत महोत्सव रंगला होता आणि त्यात स्टीव्ही वंडर गात होते. हा पैसा भुकेल्यांसाठी वापरायला हवा होता, असे तेथील श्रोते वार्ताहरांना स्पष्टपणे सांगत होते.

अमेरिकेतील प्रेक्षकांनी ते प्रक्षेपण कसे पाहिले?

जगभरातील प्रेक्षकांचा आकडा ६० कोटींच्या आसपास सांगितला जातो, पण तो अंदाज आहे. अमेरिकेत तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी इतर कार्यक्रम बाजूला ठेवले. सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांची शब्दांवर विलक्षण हुकमत होती, पण ‘ईगल’ टेकले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, हात चोळले आणि त्यांना नीटसे काही बोलताच आले नाही. आज प्रत्येक गोष्टीवर तत्काळ भाष्य करणारे निवेदक पाहताना ते मौन विशेष जाणवते.

वातावरण नसताना झेंडा फडकताना कसा दिसतो?

तो फडकत नाही. कापड ताठ राहावे म्हणून वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. ती पूर्ण बाहेर आली नाही आणि कापडाला चुण्या पडल्या. काठी रोवताना बसलेल्या हिसक्यांनी ते हलले. यान परत उडताना इंजिनाच्या झोताने तो झेंडा आडवा पडल्याचे ऑल्ड्रिन यांनी पाहिले.

मोहीम बनावट असल्याच्या समजाला १९७६ मध्ये बिल केसिंग यांनी स्वतःच छापलेल्या पुस्तकातून बळ मिळाले. त्याला देण्यासारखी अनेक उत्तरे आहेत : चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून आजही लेझरचे किरण परत येतात, आणलेले साडेएकवीस किलो दगड-माती अनेक देशांतील प्रयोगशाळांनी तपासली, चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने उतरण्याच्या जागेची छायाचित्रे घेतली. पण सर्वांत मोठा साक्षीदार सोव्हिएत संघ होता. त्यांचे ‘लूना १५’ हे मानवरहित यान त्याच दिवसांत चंद्राभोवती फिरत होते आणि अमेरिकनांच्या परतीच्या उड्डाणाच्या दोन तास आधी ते चंद्रावर कोसळले. खोटेपणा उघड करण्यात ज्याचा सर्वाधिक फायदा होता, त्यानेच आक्षेप घेतला नाही.

टँग (सरबताची पूड), टेफ्लॉन आणि वेल्क्रो ही अंतराळ मोहिमांची देणगी आहे का?

नाही. तिन्ही आधीच अस्तित्वात होत्या. टेफ्लॉनचा शोध तर १९३८ मधला आहे. अंतराळवीरांनी त्या वापरल्या आणि जाहिरातदारांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

लोकप्रिय संस्कृतीवर या मोहिमेचा परिणाम कुठे दिसतो?

सुरुवात आधीपासूनच झाली होती. मे १९६९ मधील अपोलो १० च्या दोन यानांना ‘चार्ली ब्राउन’ आणि ‘स्नूपी’ या व्यंगचित्रमालिकेतील पात्रांची नावे दिली होती. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली ती अपोलो ११ च्या चित्रणाने. तिने झेंड्यावर स्वतःचे बोधचिन्ह चढवले आणि पुढे पुरस्काराची मूर्तीही अंतराळवीराचीच केली. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सन यांनी मागे सरकत चालण्याची नृत्यशैली सादर केली आणि ‘मूनवॉक’ म्हटल्यावर आर्मस्ट्राँगऐवजी जॅक्सन आठवू लागले.

मग लोकांचा रस इतक्या लवकर का ओसरला?

एक कारण पुन्हा कॅमेराच आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ ने रंगीत कॅमेरा नेला, पण जागा बदलताना तो चुकून सूर्याकडे वळला आणि निकामी झाला. प्रेक्षकांना ऐकायला फक्त आवाज उरले. एका वाहिनीने तर बाहुल्या नाचवून वेळ निभावली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी यानातून केलेले प्रक्षेपण मोठ्या वाहिन्यांनी थेट दाखवलेच नाही. काही मिनिटांनी प्राणवायूची टाकी फुटली आणि सगळे प्रेक्षक परतले. कार्यक्रमातील शेवटच्या तीन नियोजित मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या आणि डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावर कोणी माणूस उतरलेला नाही.

या मोहिमेचा मुंबईशी काही संबंध आला का?

आला, आणि तो दोन प्रकारे. जगाच्या सदिच्छा दौऱ्यावर निघालेले तिन्ही अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत आले होते. ज्या शहरात त्यांचे प्रक्षेपण दिसले नव्हते, त्या शहराने त्यांना प्रत्यक्ष पाहिले. दुसरा संबंध कमी परिचित आहे, पण अधिक टिकाऊ आहे. कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलो मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांचा अभ्यास केला. चंद्रावरच्या कणांत वैश्विक किरणांनी लक्षावधी वर्षांत उमटवलेल्या सूक्ष्म खुणा ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होते.

‘ईगल’ परत उडताना बाहेरून घेतलेले चित्रण का नाही?

कारण बाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्र यानातील रेडिओमार्फत पृथ्वीकडे जात होते आणि तो रेडिओ परत उडणाऱ्या वरच्या भागात होता. चांद्रमोटारीवरचा, पृथ्वीवरून वळवता येणारा कॅमेरा अपोलो १५ पासून आला. अपोलो ११ चा कॅमेरा दोघे यानात परतल्यानंतरही काही वेळ शिडी, झेंडा आणि रिकामी जमीन दाखवत राहिला. तो आजही तेथेच आहे.